गाडीची हळद

कामठीच्या अलीकडे गाडीच्या नाकातून वाफ निघाली, आणि आनंदरावांनी ती रस्त्याच्या कडेला, कडुनिंबाच्या तुटपुंज्या सावलीत उभी केली. सकाळपासून हेच चाललं होतं.

"काही नाही, थोडं पाणी मागून राहिली," ते म्हणाले. त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं.

गाडीत माणसं तीन. आनंदराव स्वतः स्टिअरिंगवर; मागच्या सीटवर, मांडीवरची झाकलेली वाटी दोन्ही हातांनी धरून त्यांची बायको पुष्पलता, आणि पुढे, पायांत पाण्याची कळशी नि तांब्या घेऊन त्यांची थोरली बहीण कौसल्याबाई. लग्न कौसल्याबाईंच्या मुलाचं, रवींद्रचं. त्याच्या अंगाला लावून उरलेली उष्टी हळद वाटीत होती, आणि ती कन्हानला नवरीकडे पोचवायची होती. ती पोचल्याशिवाय नवरीला हळद लागणार नव्हती, आणि ती पोर सकाळपासून उपाशी बसली होती.

रवींद्रला हुडकेश्वरच्या घरी सवाशिणींनी हळद लावली, तेव्हा कौसल्याबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. विधवेनं त्या हळदीला हात लावायचा नसतो, मग नवरदेव पोटचा का असेना. त्यांना कोणी अडवलं नाही. बोलावलंच नाही, तर अडवायचं कशाला? त्यांना फार वाईट वाटलं. पण लग्नघरात नवरदेवाच्या आईनं रडायचं नसतं, म्हणून त्या पुन्हा कढईकडे वळल्या. गाडीत त्यांना जागा मिळाली ती कळशीमुळे. गाडीला घडोघडी पाणी पाजावं लागे, आणि कळशी धरायला माणूस हवं होतं.

आनंदरावांचं गांधीबागेत कापडाचं दुकान होतं, पण जीव सगळा गाडीत. मिस्त्रीच्या दारात गाडी नेणं त्यांना कमीपणाचं वाटे. पेट्रोलची टाकी गळली, चोळा साबणाची वडी. उन्हानं इंजिनातला पेट्रोलपंप तापला, ठेवा त्यावर ओलं फडकं. आपला हात जगन्नाथ. गाडी चालायची, नाही असं नाही. फक्त पोचायची नाही.

इंजिन निवल्यावर त्यांनी झाकण उघडलं, कळशी ओतली आणि खाली वाकून पाहिलं. वरून ओतलेलं पाणी रेडिएटरमधून धारेनं खाली येत होतं.

"भोक मोठं झालं," ते म्हणाले. "हळद टाकली का बुजते. एकदम पक्का इलाज हाय. पुडी आणाची राहून गेली."

मग त्यांची नजर वाटीकडे गेली. पुष्पलतानं वाटी पोटाशी ओढली.

"अहो, काही वाटते का? नवरीची हळद गाडीले पाजता?"

"सगळी कोण मागून राहिलं? अर्धी दे. अर्धी तरी पोचते. नाही तं सारीच इथं वाळते."

मागून कन्हानची बस आली. पुष्पलतानं हात केला. टपावरसुद्धा माणसं होती. बस थांबली नाही. तिची धूळ खाली बसेपर्यंत पुष्पलता तशीच बसून राहिली. उन्हानं ती दमली होती, गाडीनं दमली होती, आणि नवऱ्याच्या पक्क्या इलाजांनी तर कधीचीच दमली होती. तिनं वाटीवरचा रुमाल काढला.

समोरच्या वीटभट्टीवरून कौसल्याबाई कळशी भरून घेऊन आल्या. हळद तांब्यात कालवून ओतायची होती. पुष्पलताच्या हातात वाटी, आनंदरावांचे हात कोपरापर्यंत काळे.

"ताई, तू कालव," बॉनेटखालून ते म्हणाले.

दोघी बायका एकमेकींकडे पाहत राहिल्या.

"त्यायले काहून सांगता?" पुष्पलता हळूच म्हणाली.

"मंग कोणाले सांगू? गाडीच्या हळदीले सवाशीण लागते का?"

पुष्पलतानं अर्धी हळद तांब्यात टाकली. कौसल्याबाईंनी पदर खोचला आणि तांब्यात हात घातला. तेलात भिजवलेली हळद पाण्यात मिळेना, गोळे होऊन वर येई. त्यांनी एकेक गोळा बोटांनी फोडला, तळहातावर घेऊन घोटला. मग नसलेले गोळेही त्या शोधत राहिल्या.

"झालं, ताई. आता ओत," आनंदराव म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले.

कौसल्याबाईंनी तांब्या ओतला, वरून कळशी. आनंदरावांनी इंजिन सुरू केलं. खाली पिवळी धार लागली, मग बारीक झाली, मग थेंब थेंब पडत राहिले आणि ते थेंबही थांबले. आनंदरावांनी खाली वाकून दोनदा खात्री केली.

"पाहा! सांगतलं होतं का नाही?"

दोघींपैकी कोणी त्यांची तारीफ केली नाही. ते बॉनेट आपटून आत येऊन बसले. कौसल्याबाईही बसल्या. त्यांचे हात मनगटाच्या वरपर्यंत पिवळेधमक झाले होते. बांगड्या नसलेले ते हात त्यांनी तळवे वर करून मांडीवर ठेवले.

गाडी निघाली. कन्हानच्या पुलाजवळ पुष्पलतानं मागून ओला रुमाल पुढे केला.

"ताई, हात पुसून घ्या. व्याह्याच्या दारात बाया पाहतीन."

कौसल्याबाईंनी रुमाल घेतला नाही.

"राहू दे वं," त्या म्हणाल्या. "माह्या पोराच्या आंगाची हाय."