जावयाची जर्सी

मावशींनी नऊ नंबरची जर्सी झटकली, रस्त्याकडच्या दोरीवर घातली आणि खांद्यांना दोन चिमटे लावले. तेवढ्यात खाली करकचून ब्रेक लागला. त्यांनी कठड्यावरून वाकून पाहिलं. फुटबॉल क्लबच्या सचिवांची गाडी होती. ती चालवत होते मावशींचे यजमान, आणि मागचं दार उघडून जावई उतरत होता.

जावई म्हणजे क्लबचा सगळ्यात महागडा खेळाडू. हे नाव त्याला आल्या आल्याच पडलं. त्याला आणायला क्लबनं पुढच्या कित्येक वर्षांची तिकिटं आधीच विकून टाकली. तो म्हणेल तो बंगला घेतला, गादी मऊ लागली म्हणून गादी बदलून दिली. गोल मात्र जेमतेम झाले. मग पगार थांबले. यजमान चालवायचे ती संघाची बस गेली. कपडे धुण्याची मशिनं ज्याची होती तो घेऊन गेला, आणि क्लबात कपडे धुणाऱ्या मावशी संघाचे कपडे घरी आणून गच्चीवर वाळत घालू लागल्या.

वाळत घालायची त्यांची एक रीत होती. शनिवारी जो संघ उतरणार तो मैदानावर उभा राहतो तसाच दोऱ्यांवर. गोलकीपर पाण्याच्या टाकीजवळ, बचाववाले मधल्या दोरीवर, आघाडीचे रस्त्याच्या बाजूला. राखीव खेळाडू जिन्याच्या कठड्यावर. अख्खी गल्ली मान वर करून संघ वाचायची. प्रशिक्षक आधी चिडले होते. आता कुणी विचारलं तर तेच म्हणायचे, गच्ची बघा.

आज मात्र मावशींचा हात सवयीनं चालला होता. जावयाचा सौदा झालाय, हे यजमानांनी सकाळी चहा पिताना दोनदा सांगितलं होतं. पाचच्या आत त्यानं नव्या क्लबात जाऊन सही केली तर सगळ्यांचे अडकलेले पगार निघणार होते. नाही केली तर शनिवारी मैदानाला कुलूप.

जावई दोन-दोन पायऱ्या चढत वर आला. दोरीकडे बोट दाखवून म्हणाला, "मी शनिवारी खेळतोय. गच्चीवर लागलंय."

मावशींनी कपाळावर हात मारला. चुकून लागली बाबा, त्या म्हणाल्या, बादलीत हाताला आली ती घातली. पण तो ऐकेना. दुसऱ्या, पालथ्या बादलीवर बसला तो बसलाच. अर्ध्या भावात विकतायत, म्हणाला. तिथली पोरं पहिल्याच दिवशी तोंडावर हसतील. त्यापेक्षा इथे फुकट खेळतो. मागून धापा टाकत आलेले यजमान म्हणाले, तू खेळशील रे फुकट, पण मैदानावरचे दिवे फुकट लागत नाहीत. खाली गाडीत बसलेले सचिव हॉर्न वाजवत होते.

मावशींनी ओले हात पदराला पुसले आणि त्याच्यासमोर उकिडव्या बसल्या.

"दुप्पट दिले ती आमची हौस. तुझा काय दोष? तू आलास तेव्हा होतास तेवढाच आहेस."

जावई बादलीवरून उठला. मग त्यानं विचारलं, ती जर्सी मिळेल का.

मावशी उठल्या आणि चिमटे काढले. ते पाहून सचिवांनी खालून ओरडून सांगितलं की जर्सी क्लबच्या मालकीची आहे. धुते मी साहेब, मावशी वरून म्हणाल्या. सचिवांनी काच वर केली.

"जावई जावई म्हणत होतो याला," यजमान म्हणाले. "ही तर लेक निघाली सासरी."

अहो, आधी तुमचे डोळे पुसा आणि गाडी चालू करा, मावशींनी त्यांना पिटाळलं. जावई जर्सीची घडी घालायला लागला तेव्हा त्याच्यावरही ओरडल्या. ओली बॅगेत कोंबलीस तर वास मारेल, हातात धर, वारं लागू दे. तो वाकून त्यांच्या पाया पडायला गेला, तर त्यांनी त्याला दंडाला धरून जिन्याकडे लोटलं. पाच वाजायला फार वेळ नव्हता.

गाडी निघाली. मागच्या खिडकीतून जावयाचे दोन्ही हात बाहेर आले, त्यांत खांद्यांना धरलेली जर्सी. आधी ती दाराला चिकटून फटफट वाजली. वळणाच्या पुढे रस्ता मोकळा होता, तिथे यजमानांनी वेग घेतला आणि जर्सीत वारं शिरलं. छाती फुगली, बाह्या पसरल्या. गल्लीतली माणसं दुकानांतून बाहेर येऊन बघत राहिली.

समोरच्या बाल्कनीतल्या आजोबांनी गच्चीकडे पाहिलं. रस्त्याकडच्या दोरीवर मधे मोकळी जागा होती.

"मग नऊ नंबर कोण, मावशी?"

मावशींनी बादलीतून पुढची जर्सी उचलली आणि पीळ दिला. पाणी पायांवर सांडलं.

"थांबा जरा," त्या म्हणाल्या, "अजून पिळतेय."