आधी खुर्ची, मग चहा

मरणाची चाहूल माणसाला आधीच लागते, असं मिस्त्री गंभीरपणे म्हणाला. म्हणाला तेव्हा तो संडासात होता, सकाळपासून अकराव्यांदा, आणि दाराबाहेर बायको औषधाचा पुढचा ग्लास घेऊन उभी होती.

"चाहूल मागाहून ऐका. आधी हा संपवा. आतडं लख्ख हवं म्हणालेत डॉक्टर."

"इंजिनसुद्धा इतकं धूत नाही मी."

"म्हणूनच गिऱ्हाइकं परत येतात."

मिस्त्रीने नाक दाबून ग्लास रिकामा केला.

थोरला भाऊ दोन वर्षांपूर्वी आतड्याच्या कॅन्सरने गेला. कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. सख्ख्या भावाने दुर्बिणीने तपासून घ्यावं, असं डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं. सर्व्हिसिंग टाळणारं गिऱ्हाईक देतं तसली कारणं देत मिस्त्रीने दोन वर्षं काढली. शेवटी मुलीने परस्पर नंबर लावला आणि आज बापाला मागच्या सीटवर घालून स्वतः गाडी चालवत दवाखान्यात आणलं.

मुलीने मोटारींचाच डिप्लोमा केला होता. बापाच्या गॅरेजात मात्र तिला मज्जाव. बाईमाणसाने बॉनेट उघडलं की गिऱ्हाईक पळतं, हे मिस्त्रीचं मत. त्यावरून सहा महिने बापलेकीचं बोलणं हो-नाहीपुरतंच उरलं होतं.

दवाखान्यात त्याला एक झगा मिळाला.

"सिस्टर, हा मागून उघडा आहे."

"काम मागूनच आहे काका. आडवे व्हा."

सिस्टरचा आवाज आरटीओतल्या कारकुनासारखा होता. तिने हातात सुई टोचली. छतावरचा एक पंखा दोन झाला, दोनाचे चार झाले, मग एकही राहिला नाही.

जाग आली तेव्हा तो बाहेरच्या खोलीत खाटेवर होता. पडद्यापलीकडे डॉक्टर हलक्या आवाजात बोलत होते.

"एवढ्यात सांगू नका त्यांना. भूल पूर्ण उतरू द्या."

"सांगायचं कसं, तेच मला कळत नाहीये," बायको म्हणाली.

मिस्त्री डोळे मिटून पडून राहिला. थोरल्याच्या वेळीही बोलणं असंच पडद्यापलीकडे झालं होतं.

मग सिस्टर आली. तीच, पण आवाज सायीसारखा. तिने खुर्ची ओढली, त्याला दंडाला धरून अलगद बसवलं. "काका, चहा आणू ना? बिस्किटं पण आणते."

तीस वर्षं मिस्त्री स्वतः हेच करत आला होता. इंजिन कामातून गेलं असलं की गिऱ्हाइकाला आधी खुर्ची द्यायची, मग चहा, आणि कप अर्धा झाला की सांगायचं. किरकोळ कामाला चहा नसतो.

चहा आला. मागोमाग बायको आणि मुलगी. बायको नजरेला नजर देईना. मुलीने न सांगता वाकून त्याच्या पायात चपला सरकवल्या.

"लपवू नका," मिस्त्री म्हणाला. "कळलंय मला."

बायको दचकली. "कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? धंदा केलाय तीस वर्षं."

"चिडू नका हं. कुणाचा दोष नाही यात."

"चिडून काय होणार? नशिबापुढे कुणाचं चाललंय?"

बायकोने सुटकेचा श्वास सोडला. "इतकं शांतपणे घ्याल असं वाटलं नव्हतं हो."

मिस्त्री मुलीकडे वळला. "पोरी, चुकलो मी. गॅरेज आजपासून तुझं."

मुलीने आईकडे बघितलं. "बाबा, भुलीत बोलताय का?"

"आयुष्यात पहिल्यांदा शुद्धीत बोलतोय. किल्ल्या दे गं तिला."

बायकोने पर्समधून जुडगा काढला आणि मुलीच्या हातात ठेवला. मुलीची मूठ मिटली. डोळे भरून आले होते, पण मूठ घट्ट होती.

कप अर्धा झाला होता. मिस्त्रीने तो दोन्ही हातांनी धरला.

"आता खरं सांगा. किती दिवस आहेत?"

"तीन," बायको म्हणाली.

मिस्त्रीने मनात सहा महिने धरले होते. बशीत चहा सांडला.

"हे घ्या," सिस्टरने आत येऊन कागद पुढे केला. "गुरुवारी सकाळी आठला, रिकाम्या पोटी. आज दुर्बिणीचा दिवाच लागला नाही. काकांची तपासणी झालेलीच नाही."