आतला की बाहेरचा

तंत्रज्ञाने दोन डोम कॅमेरे टेबलावर ठेवले.

"हा आतला. चेहऱ्यावरून नाडी, श्वास, मनःस्थिती, सगळं ओळखतो. तुमच्या मुलाने हाच निवडलाय, बेडरूमसाठी."

"आणि दुसरा?" सुहासिनी बर्व्यांनी विचारलं.

"बाहेरचा. उन्हापावसात टिकतो, पण माणूस दिसला एवढंच कळवतो. सत्तरीपुढच्या एकट्या माणसाने रोज चार तास कॅमेऱ्यात दिसायलाच हवं, असा नियम आहे. म्हणून सगळे आतलाच घेतात."

सुहासिनीबाईंचं डोकं भडकलं. गेल्याच आठवड्यात समोरच्या दमयंती केणी घरातल्या कॅमेऱ्यापुढे नवऱ्याच्या आठवणीने रडल्या, तर दहा मिनिटांत समुपदेशक दारात हजर!

"बाहेरचा लावा. दारावर. चार तासांचं मी बघते."

कॅमेरा लागताच त्या पॅसेजमध्ये खुर्ची टाकून बसल्या. कॅमेऱ्याची सूचना मोबाइलवर पोचताच मुलाचा फोन आला.

"आई, हा काय हट्ट? बाहेर काय बसतेस?"

"मंदार, मी पस्तीस वर्षं नर्स होते. परक्या पेशंटच्या खाटेचा पडदासुद्धा कधी विचारल्याशिवाय सरकवला नाही. आणि तू माझ्या बेडरूमचं परस्पर ठरवलंस?"

त्यांनी फोन ठेवला. तेवढ्यात समोरचं दार उघडलं आणि दमयंतीबाई स्टूल घेऊन बाहेर आल्या.

"त्या कॅमेरेवाल्याला थांबवा हो," त्या म्हणाल्या. "माझाही कॅमेरा बाहेर लावू दे. मला माझ्या घरात मनसोक्त रडायचंय."