पाणी न गळणारा कोट

सांगोल्याच्या माळावरून पाऊलवाटेने टपालाची थैली घेऊन धावणाऱ्या संगप्पासाठी हलका पावसाळी कोट निवडण्याचे काम माझ्याकडे होते. प्रत्येक नमुन्याची झोळी करून मी तीत पाणी भरले, ती दिवसभर टांगली आणि जो थेंबभरही गळला नाही, तो नायलॉनचा कोट निवडला. मंजुरीचे कागद मात्र वरच्या साहेबांच्या टेबलावर पडून राहिले आणि कोट संगप्पाच्या हाती पडला तो बहात्तरच्या दुष्काळात.

त्या उन्हाळ्यात साहेब तपासणीला आले आणि त्यांची जीप तापून माळावरच बंद पडली. आम्ही तिथे उभे असताना टँकरकडून संगप्पा आला. बाह्या आणि गळा गच्च बांधलेला कोट पाण्याने फुगून त्याच्या खांद्यावर होता.

“सरकारी कोटाची पखाल केलीस?” साहेब कडाडले.

“पाऊस कुटं हाय, सायेब? लेकरं सकाळपासनं तान्हेली हायती. पन कोट लई झ्याक, थेंब गळंना की.”

“ओत ते पाणी आणि कोट जमा कर! आत्ताच्या आत्ता!”

“साहेब, त्याच्या घरी...” मी म्हणालो.

“तुम्ही मध्ये बोलू नका.”

संगप्पाने गाठ सोडली.



ते पाणी जीपच्या रेडिएटरमध्ये ओतून साहेब सोलापूरला वेळेवर पोचले, संगप्पाने कोटाचा गैरवापर केल्याचा अहवाल लिहायला.