मैदानाला तीन फेऱ्या

"आजपासून या गावातला एकही माणूस आजारी पडणार नाही," राजाचा प्रवक्ता आजेमान राजे नानांच्या वतीने दरबारात गर्जला. राजाने स्वतः मोठ्याने बोलायचं नसतं, प्रवक्त्याच्या कानात कुजबुजायचं असतं. तेवढ्यानेही नानांना धाप लागली. समोर निवृत्त नर्स फ्रिम्पोमा उभी. शाळेचं मैदान कोल्ड्रिंकवाल्यांच्या गोदामाला जाऊ नये, म्हणून ती दोन वर्षं दर गुरुवारी चालत येई. राजाकडे रिकाम्या हाती जायचं नसतं. कोल्ड्रिंकवाले खोकी पाठवत, ती डोक्यावरून शहाळी आणी. "नाना, मैदान गेल्यावर पोरांनी बाटल्यांशी लपंडाव खेळायचा का?" ती विचारी. नानांच्या वतीने "बघू" म्हणताना आजेमानची जीभ जड व्हायची. आज मैदान वाचलं. वर हुकूम, प्रत्येकाने रोज त्याला तीन फेऱ्या मारायच्या. आजेमान तिला सलाम करणार, तोच नाना पुन्हा कुजबुजले. "सिस्टर, नाना विचारताहेत, पालखीतून मारलेल्या फेऱ्या धरायच्या का?"