पान उलटून बघा

नकाशावर आणखी एक ठिपका लाल झाला, तशी निकिता वाकून गावाचं नाव वाचू लागली. हे गाव तिच्या ओळखीचं होतं. तिथल्या धोंडीरामने तिला बांधावर बसवून चहा पाजला होता. त्याच्या मळ्यात तेव्हा टोमॅटोची झाडं तारेवर चढून हिरवीगार उभी होती.

"तिथंही?" तिने विचारलं.

"तिथंही," रविराज म्हणाला. ऑफिसातला नकाशा तोच सांभाळायचा. "सगळा प्लॉट उपटून जाळला म्हणे."

गंगापूर रोडवरच्या त्या लहानशा संशोधन संस्थेत निकिता फील्ड ऑफिसर होती. संस्था जगभरच्या शास्त्रज्ञांच्या एका जाळ्याशी जोडलेली होती. केनियातला कुणी, पेरूतला कुणी, जो तो आपल्याकडच्या पीकरोगांची माहिती एका वेबसाइटवर टाकायचा. ती कुणालाही फुकट वाचता यायची. जिथे प्रयोगशाळा लांब, तिथल्या शेतकऱ्याला तेवढाच आधार. टोमॅटोच्या या नव्या रोगाची माहितीही तिथेच होती, आणि तिचं मराठी निकितानेच केलं होतं. रोग बहुधा पांढऱ्या माशीमुळे पसरतो. प्रत्येक पान उलटून अंडी शोधा. चिकट सापळे लावा.

निकिता तेच करत फिरत होती. लागण झालेल्या शेतातून नमुने घ्यायचे, पिशव्या घट्ट बंद करायच्या आणि पुढचं गाव गाठायचं. जिथे रोग नव्हता तिथेही ती सरीसरीतून फिरे, पानं उलटून बघे, सापळे टांगे, लोकांना धीर देई. तरी ठिपके वाढतच होते. आणि ते वाऱ्याच्या दिशेने सरकत नव्हते. मधली गावं सोडून पलीकडे उड्या मारत होते.

माशी अशी उडी मारत नाही, हे तिला कळत होतं. म्हणजे रोपांतूनच रोग येत असणार. त्या भागात रोपं पुरवायचा तो नर्सरीवाला चंदर. गावोगावच्या बैठकांत तिने तसं बोलून दाखवलं. चंदरकडची रोपं घेणं बंद झालं. एका गावात तर त्याच्या टेम्पोची काच फोडली.

मग एक दिवस चंदर ऑफिसात आला. निकिता खुर्चीतच आक्रसली. पण त्याने आवाज चढवला नाही. दारातच उभा राहिला.

"जिथं माझं एक रोप गेलं नाही, तिथंबी रोग गेलाय, मॅडम," तो म्हणाला. "तिथं दुसरं काय गेलं, तेवढं शोधा."

तो गेल्यावर तिने रविराजला सांगितलं की माणूस स्वतःला वाचवायला काहीही बोलतो. पण त्या दिवसापासून तिला धड झोप लागेना. डोळा लागला की स्वप्नात काळपट डाग पडलेली फळं दिसायची.

खरी भीती घरची होती. मखमलाबादच्या पुढे तिच्या वडिलांचा, पुंजाआप्पांचा मळा होता. यंदा सगळा टोमॅटोच लावला होता. निकिताने फोनवरून बजावल्यामुळे आप्पांनी मळ्याला काटेरी कुंपण घातलं होतं. व्यापारी बांधाबाहेर, मजूर बंद. आई आणि ते दोघंच राबत होते. शेजारच्या गोटीरामनेही त्यांचं बघून तसंच केलं होतं. कामाच्या धबडग्यात निकिता स्वतः मात्र कित्येक दिवसांत तिकडे फिरकली नव्हती.

एके दिवशी ती लागण झालेल्या एका शेतात नमुने घेत होती. आप्पांचा फोन आला.

"निके, पानं वाकडी व्हायला लागली," ते एवढंच म्हणाले.

तिने हातातलं काम तसंच टाकलं, रविराजला कळवलं आणि गाडी काढली. शहरातल्या द्वारका चौकात वाहनं खोळंबली होती, तिथे तिला रडू कोसळलं. हे पीक गेलं तर आप्पा पुन्हा उभे राहणार नाहीत, हे तिला ठाऊक होतं.

आप्पांनी कुंपणाचं फाटक उघडलं ते फक्त तिच्यासाठी. ती चप्पलही न बदलता आत शिरली. पहिल्या सरीपासून शेवटच्या सरीपर्यंत गेली. एकेक पान उलटत होती, शेंडे चाचपत होती. आप्पा बांधावर उकिडवे बसून तिच्या तोंडाकडे बघत होते. आई पदर तोंडाला लावून उभी होती.

शेवटी निकिता मटकन खाली बसली आणि हसायला लागली.

"नागअळी आहे, आप्पा. पान पोखरणारी साधी अळी. एक फवारणी केली की जाईल."

आप्पांनी टोपी काढून डोळे पुसले. आईने तिथल्या तिथे देवाला हात जोडले. कुंपणापलीकडून गोटीराम बघत होता. त्याने आपलाही मळा बघायची गळ घातली. निकिता तिकडेही गेली. तिथेही सरीसरीतून पानं उलटून आली. त्याचाही मळा निरोगी होता. कित्येक दिवसांनी तिला भूक लागली. आईने गरम भाकरी आणि मिरचीचा ठेचा आणला. ओट्यावर बसून आप्पा गोटीरामला सांगत होते, "माझी लेक सोताच्या हातानं बघून आली. आता भ्या नाय."

तेवढ्यात रविराजचा फोन आला.

"कुठे आहेस?" त्याचा आवाज चमत्कारिक येत होता. "आप्पांच्या मळ्यात शिरली नाहीस ना?"

"आत्ताच सगळा बघून झाला. काही नाही रे, नागअळी आहे. का?"



"वेबसाइटवरची माहिती बदललीय," तो म्हणाला. "केनियातल्या लोकांनी खात्री करून घेतलीय. तूच वाच."

तिने फोनवर वेबसाइट उघडली. जुना मजकूर काढून तिथे नव्या दोनच ओळी टाकल्या होत्या:

'हा रोग पांढऱ्या माशीमुळे पसरत नाही. लागण झालेल्या झाडाला हात लावणाऱ्या माणसाच्या हातांवरून आणि कपड्यांवरून तो निरोगी झाडाला लागतो.'