एक पायरी बाहेर

खानोलकर आजोबा सकाळीच गेले होते, पण छातीतलं यंत्राचं हृदय चालूच होतं. ते बंद झाल्याशिवाय बॉडी ताब्यात मिळत नसे.

कंट्रोल रूममधली रेवती आपल्या कॉम्प्युटरवरून रुग्णालयाच्या सिस्टिममध्ये शिरली, तिथून वॉर्डाच्या सिस्टिममध्ये, जिच्यावर बावीस हृदयं चालत, आणि शेवटी आजोबांच्या हृदयात.

“सिस्टर, करू बंद?”

“पाच मिनिटं द्या, मॅडम,” फोनवर सिस्टर म्हणाल्या. “त्यांच्या मुलीला ठोके ऐकायचेत. तोवर मी बाकीच्यांना जेवण वाढून घेते.”

पाचाची पंधरा झाली. मुलीचं रडणं ऐकून रेवतीला घाई करवेना. दहा मिनिटं कीबोर्डला हात लागला नाही, तर सिस्टिम आपोआप एक पायरी बाहेर काढते, हे तिला पाठ होतं. आज तिचेच डोळे भरून आले होते.

“करा आता.”

तिने ‘बंद’ टाइप केलं.

“थांबलं, मॅडम,” सिस्टर हळूच म्हणाल्या.

रेवतीने डोळे पुसून स्क्रीनकडे पाहिलं. आजोबांच्या नावाच्या जागी ‘वॉर्ड तीन’ लिहिलेलं होतं.

फोनमध्ये एक ताट खणकन पडलं. मग दुसरं. मग एकामागून एक पडतच राहिली.